शहापुरात शेठ उमटेनात

दीपेशचं एक मत पक्कं होतं. संगणक कधी बिघडत नाही. बिघडलेलं असतं ते त्याच्यापुढं बसलेलं माणूस. कल्याणच्या एका दुरुस्तीवाल्याकडं तो नोकरीला होता, राहायला वाशिंदला, आणि मुरबाड-शहापूरचा सगळा पट्टा मालकानं त्याच्या गळ्यात मारला होता. या पट्ट्यात त्यानं असली असली माणसं पाहिली होती की ते मत दर महिन्याला आणखी पक्कं व्हायचं. कुणी प्रिंटरला हळदकुंकू लावलेलं. कुणी उंदीर शिरू नये म्हणून यंत्राच्या मागच्या जाळीवर चिकटपट्टी मारलेली, आणि मग यंत्र तापतं म्हणून त्याच्याच नावानं बोंब. दीपेश सगळ्यांना हसून 'हो काका, हो ताई' म्हणायचा आणि बाहेर पडला की मनातल्या मनात एकेकाची सालटी काढायचा.

दोन हजार सात सालच्या फेब्रुवारीत त्याला शहापूरच्या एका बी-बियाण्यांच्या कंपनीत जावं लागलं. कंपनी भगीरथशेठची. मुख्य कचेरी ठाण्याला, शाखा मुरबाडला आणि शहापूरला. शेठ भिवंडीकडचे, खतांच्या गोण्या विकता विकता मोठे झालेले. त्यांनी सगळ्या शाखांचे संगणक ठाण्यातल्या एका मोठ्या संगणकाच्या हुकमाखाली आणले होते. कुणी कुठली फाइल उघडायची, कुणी पत्ते खेळायचे नाहीत, पडद्यावर काय दिसायचं, सगळं ठाण्याला ठरायचं आणि सकाळी यंत्र चालू केलं की तारेतून आपोआप शाखेत उतरायचं. हुकमांच्या या गाठोड्याला पॉलिसी म्हणत. आणि शेठनी काढलेला पहिला हुकूम कोणता, तर प्रत्येक पडद्यावर शेठचा फोटो. फेटा बांधलेला, हात जोडलेले, मागं हिरवंगार भाताचं शेत. निवडणुकीला उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

ठाण्याला फोटो उतरला. मुरबाडलाही उतरला. मुरबाडची ऑपरेटर रुपा तर वैतागून म्हणाली होती, "दिवसभर ह्यांच्या तोंडाकडं बघून मला घरी गेल्यावर पण तेच दिसतात." शहापूरच्या पाचही पडद्यांवर मात्र पूर्वीचा कोरा निळा रंग तसाच होता. रोज सकाळी यंत्राच्या पोटातल्या नोंदीत तीच लाल फुली पडायची: पॉलिसी लागू करता आली नाही. आणि शनिवारी शेठ स्वतः शहापूरला येणार होते, आपला चेहरा आपल्या डोळ्यांनी पाहायला.

बुधवारी दीपेश शाखेत पोचला. शाखेचे प्रमुख जयरामसाहेब. शिस्तीचा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच सगळीकडं पसरवली होती. केबिनमध्ये टेबलावर काच, काचेखाली सुविचार, आणि दारातून दिसणारं, बाहेरच्या हॉलच्या भिंतीवरचं ताटाएवढं घड्याळ.

"कारण शोधायची तुला गरजच नाही," साहेब म्हणाले. "कारण तिथं बसतं." त्यांनी हनुवटीनं एक रिकामी खुर्ची दाखवली.

त्या खुर्चीवर बसायची ती चंदा. डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यात तिचं घर. तिकडून सकाळची एसटी धरून यायची. दोन वर्षं ती कंत्राटावर ऑपरेटर होती आणि या महिन्यात तिचा निकाल लागायचा होता: एकतर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे भाताची खाचरं आणि ती संपली की घरच्यांबरोबर वीटभट्टीवर. निकाल साहेबांच्या तोंडावर अवलंबून होता, आणि साहेब तो शनिवारी शेठच्या कानावर घालणार होते. हजेरीपटात चंदाच्या नावापुढं तांबड्या शाईचा नुसता सडा पडला होता.

"ही रोज उशिरा येते," साहेबांनी समजावून सांगितलं. "ठाण्याहून पॉलिसी दहाच्या ठोक्याला सुटते. इथं येऊन बघते तर माणूस जाग्यावर नाही. मग काय करेल? जाते परत."

दीपेशनं ओठ दाताखाली धरले. पॉलिसी म्हणजे काय पोस्टमन होती, दार वाजवून परत जायला? पण तो म्हणाला, "असं होय साहेब." साहेब मूर्ख आहे हे त्याला पटलं होतं. पण पोरीनंही काहीतरी घोळ घातलेला असणार हेही त्याला तेवढंच पटलं होतं. एकाच वेळी दोघांना नावं ठेवायला त्याला कधी जड गेलं नाही.

एवढ्यात चंदा आली. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, तांबडं पेन काढलं आणि फुली मारली. चंदानं पर्स खुंटीला लावली आणि खुर्ची ओढली.

"मॅडम, यंत्राला पेन ड्राइव्ह वगैरे लावला होता का? गाणीबिणी?" दीपेशनं विचारलं.

"गाणी ऐकायला येळ कुठं हाय?" ती म्हणाली. "तुमचं काय ते तपासा. माझ्यावं ढकलायला एक मानूस हाय इथं, दुसरा नको."

दीपेशनं तपासलं. त्याला यंत्रातलं कळत होतं, यात वाद नाही. तारा काढून पुन्हा बसवल्या. ठाण्याचा पत्ता यंत्र कुणाला विचारतं ते पाहिलं. बरोबर माणसाला विचारत होतं. ठाण्यातल्या ज्या कपाटात पॉलिसी ठेवतात ते कपाट उघडून पाहायचा प्रयत्न केला. ते तोंडावर बंद झालं. म्हणजे ठाणं जागेवर होतं, रस्ता धड होता, पण शहापूरच्या यंत्रांना आत घेत नव्हतं. यंत्राचं घड्याळसुद्धा त्यानं पाहिलं, कारण या बाबतीत ठाण्याची यंत्रं भलती कडक. त्यांच्या आणि तुमच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तुमच्यावर विश्वासच ठेवत नाहीत, दारातून हाकलतात. दीपेशनं मान वर करून भिंतीवर पाहिलं. भिंत आणि यंत्र, मिनिटाला मिनिट जुळत होतं. मोबाईल खिशात होता, पण ताटाएवढं घड्याळ समोर असताना मोबाईल कोण काढतो? घड्याळावरचा संशय फिटला. संध्याकाळपर्यंत त्यानं वीज, तारा, दूरसंचार खातं आणि चंदा या सगळ्यांना आळीपाळीनं दोष देऊन पाहिला आणि हात हलवत वाशिंदला गेला.

गुरुवारी आल्या आल्या त्यानं शेवटचा उपाय काढला. चंदाचं यंत्र ठाण्याच्या कुटुंबातून बाहेर काढायचं आणि नव्यानं आत घ्यायचं. बाहेर काढलं. आत घेताना पडद्यावर एक चौकोन उमटला, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की तुझ्या आणि माझ्या घड्याळात फरक आहे.

दीपेशनं भिंतीकडं पाहिलं. यंत्राकडं पाहिलं. मग एकदाचा मोबाईल काढला आणि मुरबाडला रुपाला फोन लावला.

"रुपाताई, किती वाजले गो तुझ्या कंप्युटरात?"

तिनं सांगितलं. दीपेशनं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि वर, सकाळीच घेतली का, असंही विचारलं. शहापूरची शाखा मुरबाडच्या पुढं होती, चांगली पंधरा मिनिटं. फोन ठेवता ठेवता त्याला दिसलं की कानातली वेळ आणि मोबाईलमधली वेळ एकच आहे. चूक भिंतीची होती, आणि तिच्याशी जुळलेल्या यंत्राची.

शिपाई वाळूकाका चहाचे कप गोळा करत होता. "ते घड्याळ पुढं हाय," तो म्हणाला. "सायेबांनी लावलंय. सगळ्यांनाच ठावं हाय."

"मग काल सांगितलं का नाय, काका?"

"तुमी कुठं विचारलं?"

आसनगाव, वाशिंद, खर्डी या पट्ट्यात घराघरांत घड्याळ पुढं लावलेलं असतं, गाडी चुकू नये म्हणून. दीपेशच्या घरीही होतं. त्याची आई घड्याळाकडं बघायची, मनात वजाबाकी करायची आणि मग निवांत चहा टाकायची. म्हणजे घड्याळ पुढं असूनही गाडी चुकायची ती चुकायचीच. पण घराला निदान गाडी तरी धरायची असते. या हापिसाला कुठली गाडी धरायची होती?

वाळूकाकाकडून बाकीचं कळलं. साहेब रोज सगळ्यांच्या आधी यायचे, पाचही यंत्रं चालू करायचे आणि भिंतीवर बघून एकेकाचं घड्याळ पुढं सरकवायचे. सुरुवातीला यंत्रं चावट होती, आपली आपण ठाण्याला विचारून मागं यायची. तेव्हा साहेबांनी दीपेशच्या आधीच्या पोराला चहा पाजून ते आपोआप जुळणंच बंद करून घेतलं होतं आणि वेळ बदलायचा पासवर्डही काढून घेतला होता. आता यंत्रं शिस्तीत होती. बाकीचा स्टाफ गावातलाच. तो घरून थोडा लवकर निघायचा. डोळखांबची एसटी मात्र साहेबांच्या घड्याळावर चालत नव्हती. आणि यातली खरी गंमत संध्याकाळची. सकाळी यायचं ते भिंतीवरच्या घड्याळानं, आणि सुटायचं ते साहेबांच्या मनगटावरच्या. मनगटावरचं अगदी बरोबर होतं.

दीपेश मनात इतका हसला की त्याला ठसका लागला. पॉलिसी का उतरत नाही आणि ही पोर रोज उशिरा का येते, दोन्हींचं कारण एकाच खिळ्याला टांगलेलं होतं, आणि साहेब त्याच कारणाकडं बघून चंदाच्या नावावर फुल्या मारत होता. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर असं. शेजारच्या खुर्चीवर चंदा सगळं ऐकत होती. तिनं एकदा दीपेशकडं पाहिलं आणि ती थांबून राहिली. तो उठला आणि केबिनमध्ये गेला.

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग ताठ झाला.

"घड्याळ मागं जाणार नाही," ते म्हणाले. "या घड्याळावर ही शाखा उभी आहे."

"साहेब, मग शेठचा फोटो येणार नाही."

फोटोचं नाव निघताच साहेब खुर्चीत पुढं सरकले. थोडा वेळ त्यांनी काचेखालचा सुविचार वाचला. "बाहेरच्या चार यंत्रांचं तुला काय करायचं ते कर. भिंतीला हात लावायचा नाही. माझ्या यंत्रालाही नाही. केबिनची वेळ माझी मी बघतो. आणि कारण कुणाला सांगायचं नाही. शेठनी विचारलं तर व्हायरस होता म्हणायचं, त्या पोरीनं आणलेला. तसंही तिचं मी शनिवारी सांगणारच आहे."

दीपेशला हे पटलं नाही. पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्यानं बाहेर येऊन आपल्या मालकाला कल्याणला फोन लावला. मालक म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणेल तसं कर. वर्षाचं कंत्राट पुढच्याच महिन्यात नवं करायचंय." दीपेश परत केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "बरं साहेब." केबिनची भिंत प्लायवूडची होती, आणि वर छतापर्यंत पोचतही नव्हती.

त्यानं चार यंत्रांची घड्याळं ठाण्याशी जुळवली, बंद केलेलं आपोआप जुळणं चालू केलं, चंदाचं यंत्र परत ठाण्याच्या कुटुंबात घेतलं, यंत्रं बंद करून पुन्हा उघडली. पॉलिसी सरसर उतरली. चारही पडद्यांवर फेटेवाले शेठ हात जोडून उभे राहिले. पॉलिसीतच एक हुकूम असाही होता की घड्याळाला ठाण्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यामुळं शुक्रवारी दिवसभर त्या हापिसात दोन वेळा नांदल्या. भिंतीवर साहेबांची, पडद्याच्या कोपऱ्यात शेठच्या जोडलेल्या हातांखाली खरी. चंदाला शुक्रवारीही तांबडी फुली मिळाली. आपल्या पडद्यावर काय वाजलेत ते प्रत्येकाला दिसत होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीही उठलं नाही.

शनिवारी साहेबांनी दीपेशला मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीला. दारात रांगोळी, टेबलावर हार, वाळूकाकाच्या अंगात धुतलेला सदरा. शेठची गाडी दारात लागली त्याच्या जरासं आधी चंदा धापा टाकत आत शिरली. साहेबांनी एका हातात हार धरून दुसऱ्या हातानं फुली मारली. शिस्त ती शिस्त.

शेठ आले, हार घेतला, चहा नको म्हणाले आणि सरळ पहिल्या यंत्रापुढं उभे राहिले. स्वतःला बघून त्यांचं समाधान झालं. मग दुसऱ्यापुढं. तिथंही झालं. चारही ठिकाणी त्यांनी स्वतःचं दर्शन घेतलं आणि अखेरीला केबिनमध्ये गेले. साहेबांच्या पडद्यावर कोरा निळा रंग होता.

"हे काय? इथं मी नाय?"

हे साहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपला तो बाब्या म्हणून त्यांनी स्वतःचं यंत्र राखलं, आणि मालकाचं तोंड नेमकं तिथूनच गायब झालं.

"व्हायरस, शेठ," ते म्हणाले. "बाहेरची ती मुलगी आहे ना, तिनं आणला. मी आज तुमच्याशी तिच्याविषयी बोलणारच होतो. या इंजिनियरला विचारा."

शेठनी दीपेशकडं पाहिलं. दार उघडं होतं, आणि दारातून चंदाही पाहत होती. दीपेशच्या जिभेवर व्हायरस हा शब्द आला होता, कंत्राटही आलं होतं. त्यानं दोन्ही गिळलं आणि म्हणाला, "या यंत्राला मी हात लावलेला नाही, शेठ. साहेबांनी लावू दिला नाही." ते वाक्य धड चंदाच्या बाजूचं नव्हतं, धड साहेबांच्याही नाही.

"का रे?" शेठ साहेबांकडं वळले.

इथं साहेब गप्प बसते तर निभावलं असतं. पण शिस्तीचा विषय निघाला की त्यांची छाती आपोआप पुढं यायची. "शेठ, या यंत्राचं घड्याळ मी माझ्या हातानं लावतो. आधी सगळीच लावायचो. आपलं हापिस वेळेच्या पुढं पाहिजे. नाहीतर या असल्या लोकांना धाक राहत नाही. आजचंच घ्या. तुम्ही येणार, आणि ही बाई सव्वादहाला उगवते."

शेठनी मनगट वर केलं. "सव्वादहा? ही पोर माझ्या गाडीपुढून पळत आत गेली. तेव्हा दहा वाजायचे होते." त्यांनी मान बाहेर काढून भिंतीकडं पाहिलं, मग चंदाच्या पडद्याकडं, मग पुन्हा मनगटाकडं. "हे घड्याळ कुणाचं डोकं?"

आता बोलण्यात काही धोका उरला नव्हता. त्यामुळं दीपेश भरभरून बोलला. ठाण्याचं यंत्र, शहापूरचं यंत्र, वेळ जुळली नाही की कसा विश्वास उडतो, पॉलिसी कशी दारातून परत जाते, सगळं त्यानं हात हलवून सांगितलं.

शेठ शांतपणे ऐकत होते. मग साहेबांना म्हणाले, "म्हंजे महिनाभर माझं तोंड तुझ्या दारात ताटकळलं? मुरबाडमधी मी हाय, ठाण्याला हाय, आणि तुझ्या घड्याळापायी शहापुरात नाय?" तांबड्या फुल्यांचं त्यांना काही वाटलं नाही. हजेरीपट त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही. वाळूकाकाला त्यांनी घड्याळ उतरवायला सांगितलं, दीपेशला केबिनचं यंत्र नीट करायला सांगितलं, आणि निघता निघता, चहा सांगावा तसं, म्हणाले, "आणि त्या पोरीला कायम करून टाक. उगाच कटकट नको."

साहेब हो म्हणाले. वाळूकाका स्टुलावर चढला तेव्हा ते खाली उभं राहून त्याला सांगत होते की घड्याळ सरळ धर, वाकडं धरू नको. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

संध्याकाळी दीपेश आसनगावची रिक्षा धरायला स्टँडवर आला, तर चंदा डोळखांबच्या गाडीची वाट बघत उभी होती. तो खुशीत होता. आज शेठपुढं आपण बोललो, एका गरीब पोरीची नोकरी वाचवली, असं त्यानं रस्त्यानं येता येता स्वतःला दोन-तीनदा सांगून झालं होतं. आभाराचे चार शब्द ऐकायला तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"काय मॅडम, झालात ना कायम?"

"झाले."

"बघा, शेवटी पकडलंच घड्याळ."

चंदानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच दीपेशला जड गेलं. "परवाच पकडलं हुतं ना तुमी? रुपाताईला फोन केला तवा मी शेजारीच हुते. मंग आत गेलात आनि बरं सायेब म्हनून भायेर आलात. ती भिंत प्लायवूडची हाय."

दीपेश म्हणाला की कंत्राटाचा प्रश्न होता.

"नाय, तुमाला एकट्याला कशाला बोलू," चंदा म्हणाली. "घड्याळ पुढं हाय ते सगळ्या हापिसाला ठावं हुतं. वाळूकाकाला, हिशोबवाल्याला. मला बी ठावं हुतं, मी बी दोन वर्सं फुल्या खाल्ल्या. खोटा टाइम चालनार नाय म्हनून अडून बसली ती निस्ती यंत्रं. आनि तुमी आलात ते त्यांनाच नीट करायला."

डोळखांबची गाडी लागली. चंदा पर्स सांभाळत वर चढली आणि खिडकीजवळ बसली. दीपेश तिथंच उभा राहिला. संगणक कधी बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्यापुढचं माणूस, हे त्याचं जुनं मत आज अगदी खरं ठरलं होतं, आणि ते आता कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.